आता ही जागा ऐक!

गाणं आवडणारी माणसं निरुपद्रवी असतात. कोपऱ्यात डोळे मिटून बसतात, मधूनच मान हलवतात, मैफल संपली की चपला शोधून घरी जातात. गाणं ऐकवणारी माणसं ही वेगळी जमात. ती डोळे मिटत नाहीत. आपल्या समोर खुर्ची ओढून बसतात आणि गाणं चालू असेपर्यंत आपल्या तोंडाकडे टक लावून बघत राहतात. गाणं त्यांचं कधीच पाठ झालेलं असतं. आज त्यांना ऐकायचा असतो आपला चेहरा.

आमचे भावोजी या जमातीतले मुरलेले सभासद. रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलं की चहाचा कप हातात पडायच्या आधी प्रश्न येतो, ‘‘वेळ आहे ना?’’ याला ‘हो’ म्हणणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देणं. लगेच आपली खुर्ची बदलली जाते. ‘‘तिथे नको, इथे बस. दोन्ही स्पीकर इथे बरोबर मिळतात.’’ पंखा घरघरतो म्हणून पंखा बंद. खाली भंगारवाला ओरडतोय म्हणून खिडकी बंद. ताईला कुकर लावायची बंदी, कारण शिट्टीचा सूर रागात बसत नाही. ताई पदराला हात पुसत दारात येते, माझ्याकडे बघते आणि काही न बोलता आत जाते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिची स्वतःची सुटका कधीच झालेली आहे; तिच्या नजरेत असते ती निव्वळ भावावरची माया.

‘‘मी एक अक्षर बोलणार नाही,’’ भावोजी म्हणतात, ‘‘तू फक्त ऐक.’’

आणि बोलायला लागतात. केसरबाई केरकरांची जुनी ७८ आरपीएमची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांत संपते. तिच्या आधीचं भावोजींचं प्रास्ताविक चहाचे दोन कप गार होईपर्यंत चालतं. अल्लादियाखाँसाहेब येतात, जयपूर-अत्रौली घराणं येतं, गोव्यातलं केरी गाव येतं, केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर दोघी एकाच गुरूच्या शिष्या कशा ते येतं. तीन मिनिटांत राग मांडायचा तर त्या काळच्या गवयांना केवढी काटकसर करावी लागे, हे भावोजी अतिशय विस्ताराने सांगतात.

मग एकदाचं गाणं सुरू होतं. ‘‘अजून नाही... येईल... थांब... हां, आता ही जागा ऐक!’’ हे त्यांनी एवढ्या जोरात म्हटलेलं असतं की ती जागा बिचारी त्या आरोळीखाली येते आणि निघून जाते. ‘‘ऐकलीस?’’ ‘‘नाही.’’ ‘‘थांब, मागे घेतो.’’ मागे घेताना बोट जास्त सरकतं आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला ते ओरडत नाहीत, माझा गुडघा दाबतात. जयपूर घराण्याच्या कित्येक जागा मला आज ओळखता येतात, त्या कानाने नव्हे, गुडघ्याने.

खरी परीक्षा पुढे असते. गाणं संपतं, भावोजी दोन क्षण थांबतात आणि विचारतात, ‘‘कसं?’’

‘छान’ म्हणून चालत नाही. ‘छान’ पोह्यांना म्हणतात. ‘वा’ म्हटलं तर ते गाणं संपायच्या आत यायला हवं होतं, आता उशीर झाला. ‘वेगळंच आहे’ असं एकदा म्हणून बघितलं, तर भावोजींचा चेहरा असा उतरला की ताईला बाहेर यावं लागलं. बऱ्याच निरीक्षणानंतर मी एक उत्तर शोधून काढलं आहे: काहीच बोलायचं नाही, एक लांब श्वास सोडायचा, मान सावकाश दोन्ही बाजूंना हलवायची आणि जमिनीकडे बघायचं. यावर भावोजी फुलतात. फक्त त्याचा एक दुष्परिणाम आहे. ‘‘बघ! मला ठाऊकच होतं. आता हेच किशोरीताईंचं ऐक.’’

पुस्तकवाले यांच्यापेक्षा शांत दिसतात, पण त्यांचा पाठलाग लांबचा असतो. गाणं फार तर एक सकाळ घेतं. पुस्तक देणारा महिनाभर मागे असतो. त्याची सुरुवात धक्का बसल्यापासून होते. ‘‘तू ‘कोसला’ वाचली नाहीस?’’ हे अशा स्वरात, की जणू घरचं कार्य होतं आणि आपण हजर नव्हतो. कादंबरी १९६३ साली आली, नेमाडे तेव्हा पंचविशीत होते, हे सांगून झालं की आपल्या वयाकडे एक नजर टाकली जाते. मग पुस्तक हातात दिलं जातं, पण सुटत नाही. दोन बोटांनी दुसरं टोक धरलेलंच असतं. ‘‘पान दुमडायचं नाही. उपडं ठेवायचं नाही. चहा लांब ठेवायचा. आणि पहिली काही पानं नेट लाव, मग बघ.’’

दुसऱ्या दिवसापासून चौकशी. ‘‘कुठपर्यंत आलास? सांगवीकर पुण्यात आला का? हॉस्टेलचं सुरू झालं?’’ आपण म्हणावं, हो, झालं. ‘‘मग मनीचं आलं का?’’ ‘‘नाही अजून.’’ ‘‘नाही? मग मी काही बोलत नाही.’’ आणि चेहऱ्यावर असं काही सुतक येतं, की आता बोलण्यासारखं काही उरलेलंच नसतं. पुस्तकप्रेमी माणसाने गुपित राखलंय असं मी कधी पाहिलेलं नाही. तो शब्दाने सांगत नाही, भुवयांनी सांगतो.

पु. लं.च्या ध्वनिफितींचे भक्त भुवयांवरही थांबत नाहीत. आपण पहिल्यांदा ऐकतोय आणि शेजारी बसलेल्याला ‘अंतू बर्वा’ विरामांसकट पाठ आहे, हा योग फार कठीण. वाक्य यायच्या आधी तो हसून मोकळा होतो, वाक्य येताना पुटपुटतो आणि वाक्य झाल्यावर ‘कळलं ना?’ अशा नजरेने आपली तपासणी करतो. पु. लं.चा विराम म्हणजे त्यांच्या विनोदाचा निम्मा ऐवज, आणि तो नेमका हा मधल्या मधे खाऊन टाकतो. अमेरिकेतल्या मराठी घरांत लांबच्या मोटारप्रवासात हे ऐकायची रीत आहे. मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या मुलांना उठून जाता येत नाही, हा त्यात पालकांचा फायदा.

या सगळ्या छळावर एक उत्तम उपाय आपल्याकडे होता. त्याचं नाव रेडिओ. रेडिओची थोरवी सांगणारे सहसा आवाजाबद्दल बोलतात, निवेदकांबद्दल बोलतात. मला त्याचा सगळ्यांत मोठा गुण वाटतो तो हा, की लावणाऱ्याला ऐकणाऱ्याचं तोंड दिसत नसे. आणि मागे घेता येत नसे. एखादी जागा हुकली तर ती हुकली. आता पुन्हा कधी लागेल ते आकाशवाणीची मर्जी.

या मर्जीवरून एकदा मोठाच पेच झाला. १९५२ साली माहिती व नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे आलं. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमानी. देशाला चांगलं गाणं ऐकवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटत गेली. मला यात भावोजींचाच एक विराट अवतार दिसतो: सबंध देशाला ‘इथे बस’ म्हणणारा, खिडक्या बंद करणारा. पण देशाची खुर्ची बदलणं सोपं नसतं. देश उठला आणि समुद्र ओलांडून शेजारी गेला. कोलंबोला महायुद्धात फौजांसाठी उभारलेला दणदणीत ट्रान्समीटर होता, तो आता रेडिओ सिलोनकडे होता. तिथे त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींनी ज्या गोडव्याने ‘बहनों और भाइयों’ म्हटलं, त्यापुढे सरकारचं काही चालेना. अखेर १९५७ च्या ३ ऑक्टोबरला आकाशवाणीने ‘विविध भारती’ काढून तह केला. केसकर तेव्हा मंत्री होतेच. अशा तहावर सही करताना माणसाचा चेहरा कसा असतो, हे मला ‘छान’ या शब्दानंतरच्या भावोजींवरून थोडंफार कळतं.

गीतमालेवर थोरला दादा एक वही ठेवत असे. शाळेची दोनशेपानी, मागून उघडलेली. तारीख, पायदान, गाणं, मागच्या आठवड्याचं पायदान असे रकाने पट्टीने आखलेले, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. शेरे असे: ‘चढायला हवं होतं.’ ‘अन्याय.’ ‘हे कोण ऐकतं?’ ‘पुन्हा अन्याय.’ बुधवारी रात्री आठला शॉर्टवेव्हवर स्टेशन वाऱ्यावरच्या धुरासारखं जवळ यायचं आणि लांब जायचं. ऐन पहिल्या पायदानाला ते नेमकं लांब जाई. दादा एका हाताने एरियलची तांब्याची जाळीपट्टी उंच धरून, दुसऱ्या हाताने वहीत लिहीत असे. त्या वहीत एक शेरा आहे, ‘ऐकू आलं नाही, पण हेच असणार.’ आवड म्हणतात ती ही. तो आम्हाला कधी ‘ऐका’ म्हणाला नाही. ‘हलू नका’ म्हणत असे, कारण आम्ही हललो की स्टेशन हलायचं.

फर्माइशीचा कार्यक्रम तर सभ्यपणाची परिसीमा. आपल्याला एक गाणं आवडतं. ते जगाने ऐकावं असं वाटतं. मग काय करायचं? शेजाऱ्याला पकडून बसवायचं नाही. पोस्टकार्ड घ्यायचं, गाण्याचं नाव लिहायचं, खाली आपलं, घरच्यांचं, आळीतल्या पोरांचं नाव घालायचं आणि पेटीत टाकायचं. महिन्या-दोन महिन्यांनी नंबर लागला तर सबंध मुलूख ते गाणं ऐकतो, आणि आपल्याला मोबदला मिळतो तो एवढाच, की निवेदकाने आपलं नाव उच्चारलं. ‘कसं वाटलं?’ विचारायची सोयच नाही. मराठीतल्या ‘आपली आवड’मध्ये नावांची यादी कधी इतकी लांबे, की गाण्याचं शेवटचं कडवं पुढच्या कार्यक्रमाच्या पोटात जाई. नावं आलेल्यांची त्याबद्दल तक्रार नसे.

या धंद्यातलं सगळ्यांत बडं गाव म्हणजे झुमरी तलैया. प्रत्येक फर्माइशीत ते येई, म्हणून आमच्याकडे अनेकांची खात्री होती की असं गाव मुळात नाहीच, रेडिओवाल्यांनी बनवलंय. गाव आहे. झारखंडात, कोडरमा जिल्ह्यात, अभ्रकाच्या खाणींच्या पट्ट्यात. तिथल्या लोकांत म्हणे सर्वांत जास्त फर्माइशी कोण पाठवतो याची चढाओढ लागे. गाणं सगळ्यांना ऐकू येई, ऐकवणारा कुणालाच दिसत नसे. आवडीचं इतकं निकोप प्रदर्शन मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा तर ‘ऐक’ म्हणायला माणूसच उरला नव्हता; सगळेच आधी येऊन बसलेले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, दर आठवड्याला नवं गीत, वर्षभरात छप्पन्न गीतं. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्याकडे सतरंज्या अंथरल्या जात, कुठे कुठे रेडिओला हारही घातला जाई. आमच्या आत्याच्या आठवणीत हार आहे, उदबत्ती आहे आणि रेडिओवाल्या घराच्या मालकीणबाईंनी नेमक्या त्याच वेळी पुढे सरकवलेलं वाटाणे सोलायचं सूप आहे. वर्षभर आळीने रामकथा ऐकली आणि त्यांचे वाटाणे सोलले. दोन्हींबद्दल आत्या भक्तीने बोलते.

हल्ली भावोजींना घरी बोलवावं लागत नाही, ते फोनमधून येतात. ‘३.४२ नंतर ऐक. हेडफोन लावून. घाईत ऐकू नकोस.’ पाठोपाठ दोन निळ्या टिका पडल्या की नाही यावर पहारा. या अत्याचारातून महाराष्ट्राला वाचवलंय ते जोडलेल्या हातांच्या चित्राने. त्याचा अर्थ ऐकलं, आवडलं, रडलो, उघडलंच नाही, यांपैकी काहीही होऊ शकतो, आणि त्यावर पुढचा प्रश्न येत नाही.

मला वाटायचं, हा आजार एका पिढीचा आहे. तबकड्या गेल्या की जाईल. मग एके दिवशी भावोजींच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, तिच्या इअरफोनची एक बाजू माझ्या कानात घातली. सात कोरियन मुलं काहीतरी जीव तोडून सांगत होती. ‘‘मामा, शब्दांकडे लक्ष नको देऊस. थांब... अजून नाही... आता येईल...’’ आणि तिने माझा गुडघा दाबला. मी नजर वर केली तर ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी लांब श्वास सोडला, मान सावकाश दोन्ही बाजूंना हलवली आणि जमिनीकडे बघितलं. ‘‘मला माहीतच होतं!’’ ती म्हणाली, ‘‘आता यांचं दुसरं ऐक.’’ आतून भावोजींचा आवाज आला, ‘‘काय कलकलाट लावलाय!’’

एवढं बोलून झाल्यावर एक गोष्ट मात्र मानावी लागते. ही मंडळी नसती तर बरंच काही जागच्या जागी राहिलं असतं. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली आहे: पृथ्वीवरचं दीड तास संगीत, सत्तावीस तुकडे, परग्रहावर कुणी असलंच तर त्याच्यासाठी. भारताच्या वाट्याला एकच तुकडा. तो कुठला असावा याबद्दल रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत-अभ्यासकाचं ठाम मत होतं: केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. तबकडी बाजारातून गेलेली. शोधाशोध झाली, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. ज्या बाईंना ध्वनिमुद्रणाची फारशी आवड नव्हती त्यांचा आवाज आज २,४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे गेला आहे. यानासोबत सुई पाठवलेली आहे, आणि तबकडीच्या झाकणावर ती कशी वाजवायची, किती वेगाने फिरवायची याच्या खुणा कोरल्या आहेत. ही गोष्ट भावोजींकडून मी इतक्यांदा ऐकली आहे की याननिर्मितीत त्यांचा हात असावा असा पाहुण्यांचा समज होतो. त्यांची यात एकच हरकत आहे. ‘‘खुणा ठीक आहेत, पण जागा कुठे येते ते कुणी सांगायचं?’’

मला स्वतःला सगळ्यांत भावतात ते सार्वजनिक ग्रंथालयातले अनाम हौशी. महाराष्ट्रात या बाबतीत आपली पुण्याई मोठी आहे. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. इतकी वर्षं आपण पुस्तकं घरी नेतोय, आणि तितकीच वर्षं बहुधा समासात लिहितोय. ‘वा!’ ‘अगदी खरे.’ ‘आमच्या काकांचे हेच झाले.’ ‘लेखकाने कोकण पाहिलेले नाही.’ एका पुस्तकात पहिल्याच पानावर ‘पुस्तकात काही लिहू नये’ असा ग्रंथालयाचा जांभळा शिक्का होता, आणि त्याखाली शाईने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘योग्य सूचना.’

हे लिहिणारे आपल्याला कधी भेटत नाहीत, आपल्या तोंडाकडे बघत नाहीत, पुस्तक परत करून निघून जातात. तरी त्यांची आच भावोजींइतकीच असते. आमच्या ग्रंथालयात एक जुनी रहस्यकथा आहे. पाठीला खाकी कागद, पहिली चार पानं गळालेली, त्यामुळे लेखकाचं नाव फक्त नोंदवहीत. तिच्या बाराव्या पानावर, नायक पहिल्यांदा येतो तिथेच, पेन्सिलीने लिहिलंय, ‘हा शेवटी मरतो.’ खाली निळ्या शाईत दुसरं अक्षर, ‘आभारी आहे. पुस्तक परत करत आहे.’ आणि त्याच्या खाली, हिरव्या बॉलपेनने, दोनदा अधोरेखित करून, ‘मरत नाही! पूर्ण वाचा!!’

मी पूर्ण वाचलं. पेन्सिलवाला आणि हिरवा, दोघांतला कोण खरा, ते सांगणार नाही. ‘र’चं कपाट, खालून दुसरा कप्पा. पण वाचायला घेताना मधली पानं चाळू नका, आणि एकशेचाळिसाव्या पानाशी आलात की मला कळवा.